घराचा मेन फ्यूज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरांच्या वायरिंगची कामं घेतो. एप्रिल-मेच्या रात्री आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "शेजारी लाईट आहे, आमचीच गेली." त्यातले कितीतरी शेवटी मेन फ्यूजशी येऊन थांबतात. इथली उत्तरं महाराष्ट्रातली साधी घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत : वाडा, चाळ, फ्लॅट, गावाकडचं घर. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण ऐकून घेतल्यावरही ती विसरली जाते. फ्यूज वायरीला वाचवतो. माणसाला नाही आणि टीव्हीलाही नाही.

मेन फ्यूज म्हणजे नेमकं काय?

घरात येणाऱ्या विजेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला वितळतार म्हणतात आणि हा शब्द फार नेमका आहे. तारेतून प्रवाह गेला की ती तापते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह ठरावीक मर्यादेच्या फार पुढे गेला की फ्यूजमधली बारीक तार वितळून तुटते आणि भिंतीतल्या जाड वायरी तापायच्या आधीच घर बंद पडतं. खोल्यांचे फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप खाली पडणारे खटके) आपापल्या खोलीपुरते असतात. मेन फ्यूज सगळ्या घराचा मिळून एक.

तो असतो कुठे? आमच्याकडे कधी पाहिलाच नाही.

खांबावरून घराकडे येणारी सर्व्हिस वायर धरून नजर फिरवत या. ती मीटरच्या पेटीत शिरते. पेटीत किंवा शेजारच्या लाकडी फळीवर पांढरे चिनीमातीचे ठोकळे दिसतील, त्यांना वायरमन कटआउट किंवा किटकॅट म्हणतात. तिथून पुढे वायर मेन स्विचला आणि मग घरातल्या डीबीला, म्हणजे एमसीबीच्या पेटीला जाते. इमारतीत हे सगळं तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतं. तिथे प्रत्येक मीटरजवळ त्या त्या फ्लॅटचा कटआउट असतो.

मीटर रूममध्ये आपल्या मीटरवर आणि कटआउटवर फ्लॅटचा नंबर नीट लिहून घ्या. एका सोसायटीत रात्री अकरा वाजता मी स्वतः आठ बिनानंबरांचे कटआउट बघत उभा राहिलो आहे. त्या वेळी चुकून दुसऱ्याचा ओढला जाणं किती सोपं आहे ते तेव्हा कळतं.

लाईट गेली ती कंपनीची की आमचा फ्यूज गेला, हे कसं ओळखायचं?

जिन्यातला दिवा, शेजारचं घर आणि रस्त्यावरचा दिवा, हे तीन आधी पाहा. सगळेच अंधारात असतील तर वाट पाहण्याखेरीज इलाज नाही.

फक्त तुमचंच घर बंद असेल तर मीटरकडे जा. मीटरचा डिस्प्ले बंद असेल तर वीज मीटरपर्यंतच पोचत नाही : दोष सर्व्हिस वायरीत, खांबावर किंवा मीटरच्या अलीकडच्या फ्यूजमध्ये. ते काम कंपनीचं. डिस्प्ले चालू असेल आणि घर बंद असेल तर दोष मीटरच्या पुढे आहे, म्हणजे तुमच्या बाजूला. एक अपवाद ध्यानात ठेवा. स्मार्ट मीटरच्या आतच पुरवठा तोडणारा स्विच असतो. असा मीटर असेल आणि पुढचं सगळं ठाकठीक दिसत असेल तर आधी कंपनीला विचारा.

आमच्या डीबीत एमसीबी आहेत. मग मेन फ्यूजचा विषय आम्हाला लागू होतो का?

होतो. बऱ्याच घरांत डीबीत नवे एमसीबी आणि मीटरजवळ तीस वर्षांपूर्वीचा किटकॅट अशी जोडी असते.

दोघांचं काम एक असलं तरी रीत वेगळी. फ्यूजची तार वितळते, म्हणून पुन्हा घालावी लागते. एमसीबीच्या आत दोन युक्त्या असतात. दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी तापली की वाकते आणि खटका पाडते. ही जास्त लोडसाठी. शॉर्ट सर्किटसाठी तारेचं वेटोळं असतं, ते चुंबक होऊन क्षणात खटका ओढतं. घरात सहसा 'सी' प्रकारचा एमसीबी वापरतात. तो आपल्या आकड्याच्या ५ ते १० पट प्रवाहाला तत्काळ पडतो.

लोकांना न पटणारी गोष्ट अशी की ३२ अँपिअरचा एमसीबी ३३ अँपिअरला पडत नाही. मानकानुसार १.१३ पट प्रवाहाला, म्हणजे साधारण ३६ अँपिअरला, त्याने तासभर टिकलं पाहिजे, १.४५ पटीला, म्हणजे साधारण ४६ अँपिअरला, तासाच्या आत पडलं पाहिजे. किटकॅटची तार त्याहून ढिली. ती आपल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाहाला वितळते. म्हणून त्याच वायरीचं रक्षण एमसीबी जास्त चांगलं करतो.

आमच्या घराला किती अँपिअरचा मेन पाहिजे?

बिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो. त्याचे वॉट करून २३० ने भागा. ५ किलोवॉट म्हणजे जवळपास २२ अँपिअर. महाराष्ट्रात सिंगल फेज जोडणी, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार (फेज) एकच असलेली, साधारण ४० अँपिअरपर्यंत देतात.

आता घरातल्या खऱ्या लोडचा हिशेब करू. सकाळी सात वाजता मुलांची शाळा आणि मोठ्यांचं ऑफिस एकदमच असतं. गिझर २,००० वॉट, इंडक्शन शेगडी २,०००, इस्त्री १,०००, एक हॉर्सपॉवरचा पाण्याचा पंप १,१००, मिक्सर ७५०. बेरीज ६,८५० वॉट, म्हणजे सुमारे ३० अँपिअर. बेडरूममधला दीड टनाचा एसी अजून चालू राहिला असेल तर आणखी १,५०० वॉट आणि आकडा ३६ वर जातो. दिवे, पंखे, फ्रिज मी यात धरलेच नाहीत.

पण फ्यूजचा आकडा लोडवरून ठरत नाही. तो ठरतो वायरीवरून. लोड ३६ अँपिअर आहे म्हणून ४० चा एमसीबी बसवला आणि मेन वायर ४ चौरस मिलिमीटरचीच राहिली, तर तुम्ही राखणदार बदलला आणि घर उघडं ठेवलं. आधी मेन वायर किती जाडीची आहे ते वायरमनकडून पाहून घ्या आणि ती जेवढं झेलते त्याच्या आतला आकडा निवडा. वायर पुरत नसेल तर वायर बदला.

फ्यूज सारखा जातो म्हणून वायरमनने जाड तार घातली. आता जात नाही. चांगलं झालं ना?

नाही. सगळ्या प्रश्नांत मला हाच जास्त काळजीत टाकतो.

घरात जळायची कच्ची जागा एक असतेच. ती कुठे असावी एवढंच आपल्या हातात आहे. कटआउटमध्ये बारीक तार असेल तर ती जागा चिनीमातीच्या ठोकळ्यात आहे. तिथे तार वितळली तरी आग लागायला काही नाही. जाड तार घातली की ती जागा सरकते भिंतीत, छताच्या वर, कपाटामागच्या जोडात, जिथे तुमचं लक्ष नाही.

आकड्यांत सांगतो. काही लोक फ्यूजमध्ये घरगुती वायरीचा २.५ चौरस मिलिमीटरचा तुकडाच सोलून घालतात. एवढी तांब्याची तार वितळायला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. तीच वायर भिंतीच्या पाइपात असते तेव्हा वीसएक अँपिअरपर्यंतच बरी, कारण तिच्यावरचं पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकण्यासाठी केलेलं असतं. तांबं वितळतं १,०८५ अंशांना. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहा. फ्यूज वितळायची वेळ येईपर्यंत भिंतीतलं आवरण कधीच गळून गेलेलं असेल.

जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून दिसते. रबराचं आवरण वाळून पापडासारखं झालेलं, हात लावला की गळतं. तिथल्या कटआउटमध्ये मला खिळा सापडला आहे, केसांचा आकडा सापडला आहे, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून घातलेलाही सापडला आहे. घालणाऱ्याने रात्र काढायला घातला, सकाळी बदलू म्हणाला आणि विसरला. तो तिथेच पाच वर्षं राहिला.

तुमच्याकडे असं काही असेल तर आजच सांगून बदलून घ्या. फ्यूज परत जायला लागला तर ते बरंच, कारण मग निदान खरा दोष शोधता येईल.

किटकॅटमध्ये कोणती तार घालावी?

फ्यूज वायर म्हणूनच विकली जाणारी, कल्हई केलेली तांब्याची तार. कल्हई म्हणजे भांड्यांना करतात तीच, कथलाची. त्यामुळे तांबं गंजत नाही. जाडी आणि आकडा साधारण असा : ०.२ मिलिमीटर ५ अँपिअरला, ०.३५ दहाला, ०.५ पंधराला, ०.६ वीसला, ०.८५ तीसला. दुकानातल्या गुंडाळीवर अँपिअर लिहिलेले असतात.

दोन तारा पिळून घातल्या की आकडा दुप्पट होतो हा समज सोडून द्या. तो हिशेब तसा सरळ बसत नाही. तार ओढून ताणू नका, ताणली की एका जागी बारीक होते आणि तिथेच लवकर तुटते. स्क्रूखाली तारेचा वेढा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने द्या म्हणजे स्क्रू आवळताना तो आत ओढला जातो.

हे मी स्वतः करू शकतो का?

डीबीतला पडलेला एमसीबी वर करणं, हो. मीटरच्या पेटीतला कटआउट, माझं मत विचाराल तर नको.

मीटरच्या अलीकडचं सगळं कंपनीचं आहे. तिथलं सील तोडलंत तर हेतू काहीही असो, विद्युत कायदा २००३ च्या वीजचोरीच्या कलम १३५ खाली उत्तर देत बसावं लागू शकतं. पण मला कायद्यापेक्षा दुसरी भीती वाटते. कटआउटचा वरचा तुकडा काढून घेतला तरी खालच्या ठोकळ्यातली एक पट्टी जिवंतच राहते. खांबाकडून तिला येणारी वीज बंद करायला तुमच्या हातात काहीही नसतं. लोक अंधारात, एका हातात मोबाईलचा उजेड धरून, दुसऱ्या हाताची बोटं तिथे घालतात.

दुसरं असं की घरात गिझर, पंखे, दिवे चालू असताना तुकडा दाबून बसवला की टेकताना ठिणगी उडते. आत शॉर्ट तसाच असेल तर ठिणगी राहत नाही, चेहऱ्यावर भडका येतो. त्यासाठीच जाणता वायरमन आधी मेन स्विच बंद करतो, मग फ्यूज बसवतो आणि तोंड बाजूला ठेवतो. पायात कोरडी चप्पल किंवा खाली सुकी लाकडी फळी आणि एक हात खिशात. ओल्या पेटीला तर तो हातच लावत नाही.

फ्यूज बदलला आणि लगेच पुन्हा गेला. का?

लगेच, 'फट्' आवाज करून गेला आणि ठोकळ्यावर काळा-तांबडा फवारा दिसला, तर शॉर्ट सर्किट. तार मधेच वितळून नुसती तुटलेली दिसली आणि फ्यूज पंधरा-वीस मिनिटांनी गेला, तर लोड जास्त. गेलेली तार टाकून देऊ नका, वायरमनला दाखवा. अर्धं निदान तिच्यावरच होतं.

शॉर्ट शोधायची घरगुती रीत सोपी आहे. डीबीतले सगळे एमसीबी खाली पाडा, मेन चालू करा, मग एकेक वर करत जा. ज्यावर पुन्हा पडेल त्या वाटेत दोष. त्या खोलीतले प्लग काढून पुन्हा पाहा. तेव्हा टिकला तर दोष यंत्रात, तरी पडला तर वायरीत. गिझरची कॉइल, इस्त्रीची प्लगजवळ मोडलेली वायर आणि पावसात भिजलेला गच्चीवरचा दिवा, हे तीन नेहमीचे गुन्हेगार. एकदा शोधलं, सापडलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा फ्यूज घालू नका.

लोड काहीच नाही, तरी आठवड्याला फ्यूज जातो. पेटीला जळका वासही येतो.

ढिला स्क्रू. दहा वेळा तपासा, आठ वेळा हेच निघतं. जोड ढिला असला की तिथे अडथळा वाढतो, जागा तापते, आणि ती उष्णता शेजारच्या फ्यूजच्या तारेला मिळते. मग ती आपल्या आकड्याच्या कितीतरी आत वितळते. लोक तार जाड करतात, जोड तसाच राहतो आणि अजून जास्त तापतो.

कुजक्या मासळीसारखा वास, चिनीमातीवर काळा डाग, वायरीचं आवरण स्क्रूजवळ ठिसूळ झालेलं, मधमाशीसारखी घूं घूं, गिझर लावला की दिवे लुकलुकणं : यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी माणूस बोलवा. खांबाकडून येणारी सर्व्हिस वायर पुष्कळदा अॅल्युमिनियमची आणि पुढची तांब्याची असते. तो जोड नीट लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून केलेला नसेल तर पावसाळ्यात हमखास बिघडतो.

शॉर्ट स्वयंपाकघरात झालं, पण गेला मेन. स्वयंपाकघराचा एमसीबी वरच राहिला. असं कसं?

लोड हळूहळू वाढतो तेव्हा लहान आकड्याचा आधी पडतो, हे ठरल्याप्रमाणे होतं. शॉर्टमध्ये प्रवाह शेकडो, कधी हजारो अँपिअरवर उसळतो. तो मेन आणि खोली दोघांच्याही 'तत्काळ' मर्यादेच्या वर असतो, त्यामुळे जो काही मिलिसेकंदांनी चपळ तो आधी जातो. दोन्ही कधी एकदमही जातात. एमसीबी खराब आहे असा याचा अर्थ लगेच काढू नका. मात्र मेन आणि खोल्या यांचे आकडे जवळजवळ सारखेच असतील, जसं मेन २५ आणि एसीचा २५, तर वाटणी पुन्हा करून घ्या.

उन्हाळ्यात व्होल्टेज कमी असतं तेव्हाच मेन जातो. कमी व्होल्टेजला प्रवाह कमी नको का?

गिझरच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर त्याची कॉइल कमी प्रवाह घेते, पाणी उशिरा तापतं इतकंच. मोटर मात्र अशी वागत नाही. पंपाला तेवढंच पाणी चढवायचं आहे, एसीच्या कॉम्प्रेसरला तेवढाच गॅस दाबायचा आहे. व्होल्टेज पडलं की ती मोटर कसर प्रवाहात भरून काढते. त्यात सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट. व्होल्टेज पडलेलं असताना मोटर सुरूच झाली नाही, तर तो पाच-सहा पट प्रवाह तसाच वाहत राहतो. मेच्या रात्री गल्लीतले सगळे एसी चालू असताना हे घडतं.

जुन्या घरात फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज आहेत. दुप्पट सुरक्षा नाही का ती?

उलट आहे. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, फ्यूज आधी गेला तर दिवे विझतात, पंखा थांबतो, सगळ्यांना वाटतं लाईट गेली. पण फेज बोर्डापर्यंत जिवंत असतो. तुम्ही निर्धास्तपणे होल्डर उघडता आणि शॉक बसतो. ओळखायची खूण : प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि तरी काहीही चालत नाही.

भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच घालायला मनाई होती. तोडायचं तर फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा जोडस्विच हवा. तुमच्याकडे न्यूट्रलला किटकॅट असेल तर तो काढून तिथे सरळ तांब्याची लिंक बसवून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

फ्यूज ठीक होता, तरी घरातला टीव्ही, फ्रिज, दोन बल्ब एकदम जळाले.

फ्यूजला व्होल्टेज कळत नाही, त्याला फक्त प्रवाह कळतो. गल्लीतल्या किंवा इमारतीतल्या मुख्य वायरीचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरांना २३० ऐवजी ३०० च्या वर, कधी जवळजवळ ४०० व्होल्ट मिळू शकतात. दिवे अचानक डोळे दिपतील इतके पेटले किंवा एका घरात प्रखर आणि शेजारी मंद झाले, तर एक क्षणही न थांबता मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगा. यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं वेगळं उपकरण मेननंतर बसवता येतं. मला ते फ्रिजच्या स्टॅबिलायझरपेक्षा गरजेचं वाटतं.

मेन फ्यूज आहे, म्हणजे शॉक बसला तर वाचू ना?

नाही. ३२ अँपिअरचा फ्यूज ३२ अँपिअरपर्यंत गप्प बसणार. माणसाचं हृदय बंद पडायला त्याचा हजारावा भाग जवळजवळ पुरतो. गिझरच्या पाण्यातून तुम्हाला शॉक बसत असताना फ्यूजच्या दृष्टीने घरात काहीच घडलेलं नसतं.

त्यासाठी आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा घ्या. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही एवढंच तो मोजतो. थोडा जरी दुसऱ्या वाटेने, म्हणजे तुमच्या अंगातून किंवा अर्थिंगमधून, जमिनीत गेला की तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. मात्र आरसीसीबी लोड पाहत नाही, शॉर्टही पाहत नाही. म्हणून एमसीबी हवा, आरसीसीबी हवा आणि अर्थिंगही हवं. नवा फ्लॅट घेताना फरशीचा रंग तासभर पाहतात. डीबीचं झाकण पाच मिनिटं उघडून हे तीन पाहा.

अर्ध्या घरात लाईट आहे, अर्ध्यात नाही.

बहुधा तुमची जोडणी थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांची, आहे आणि एका फेजचा फ्यूज गेला आहे. जी खोली चालू आहे तिथून एक्स्टेन्शन ओढून सगळं घर त्यावर चालवू नका, नाहीतर दुसराही जाईल. थ्री फेजची पाण्याची मोटर असेल तर ती आधी बंद करा. दोन फेजांवर ती गुरगुरत राहते आणि थोड्याच वेळात जळते. त्यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. तो बायपास केलेला नाही ना, हे एकदा पाहून ठेवा.

गावात डीपीवरचा फ्यूज गेला की आमच्यापैकी कुणीतरी काठीने टाकतो. वायरमनची वाट किती पाहणार?

मला वाट पाहण्याचा त्रास माहीत आहे. पीक वाळत असतं, रात्रीची पाळी असते, फोन लागत नाही. तरीही नका टाकू.

घरच्या कटआउटमध्ये २३० व्होल्ट असतात. डीपीवर, म्हणजे गावकरी ज्याला डीपी म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरवर, वर ११,००० व्होल्ट येतात. त्याला शिवावं लागत नाही. ओलसर हवेत, ओल्या काठीतून शॉक अंतरावरूनही बसू शकतो. खालच्या पेटीत शॉर्टचा प्रवाह घरापेक्षा कितीतरी मोठा, कारण मधे रोधायला लांब वायरच नाही. आणि लाईनमन दुसऱ्या टोकाला खांबावर चढलेला असेल, तुम्ही इकडे फ्यूज टाकलात, तर तो मरेल. महावितरणने लाईनमनला जनमित्र नाव दिलं आहे. पावसात तो खांबावर असतो तेव्हा त्याचा जीव डीपीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या संयमावर असतो.

डीपीचा फ्यूज सारखा जात असेल तर त्यावर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी आहेत किंवा चोरून वीज घेणारे आकडे तारांवर पडले आहेत. गावाने मिळून लेखी अर्ज द्या, डीपीचा नंबर आणि जोडण्यांची यादी लावून. तोंडी सांगितलेलं पावसाबरोबर वाहून जातं.

मेन बंद केला, तरी काही दिवे चालू राहतात.

इन्व्हर्टर. बॅटरीवरच्या वायरी मेन फ्यूज काढल्यावरही जिवंत असतात. काम करण्याआधी इन्व्हर्टरचं बटण बंद करा आणि त्याचा आउटपुटही तोडा. छतावर सोलर असेल तर आणखी एक वाट वाढली. ग्रीडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून थांबतो, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर ऊन आहे तोवर जिवंतच. वायरमन आला की हे त्याने विचारायची वाट पाहू नका, आधी सांगा.

एसी घ्यायचा आहे, पुढे इलेक्ट्रिक गाडीही. मेन मोठा करून घेऊ का?

आधी मंजूर भार वाढवा, मग वायर, मग मेन. या क्रमाने. भार वाढवायचा अर्ज वीज कंपनीकडे ऑनलाइन करता येतो. लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागू शकतो. कोटेशन येईल ते भरा.

इलेक्ट्रिक स्कूटर एक किलोवॉटच्या आसपास घेते, त्यासाठी चांगला १५ अँपिअरचा पॉइंट पुरे. गाडीबरोबर मिळणारा लहान चार्जर ३.३ किलोवॉटचा, म्हणजे १४ अँपिअर, आणि तो सात-आठ तास सलग. पंधरा मिनिटांच्या इस्त्रीशी त्याची तुलना करू नका. ढिला जोड तासाभराने तापायला लागतो. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर एकटाच ३१ अँपिअर घेतो, म्हणजे ३२ च्या मेनला बाकी घरासाठी काहीच उरत नाही. तिथे थ्री फेज किंवा चार्जिंगची वेगळी जोडणी घेणंच शहाणपणाचं.

लग्नाच्या मांडवाची, गणपतीची रोषणाई घरच्या मेनवरून घेतली तर चालेल?

एलईडीच्या माळा चालतील. हॅलोजन, मोठे स्पीकर, पाहुण्यांसाठीचे कूलर एकत्र आले की नाही. कंपनीकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्या. मीटरच्या खालून वायर काढून मांडवाला देणारे भेटतील. ती चोरी आहे आणि त्या वायरीला मधे फ्यूजही नसतो.

किटकॅट काढून एमसीबी लावायला काय पाहावं?

आयएसआयचा शिक्का, सी प्रकार, आणि आकड्याखाली चौकटीत ६,००० किंवा १०,००० लिहिलेलं. शॉर्टचा किती प्रवाह तो स्वतः न फुटता तोडू शकतो, ते हे. ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या अंगणातच असेल तर १०,००० चाच घ्या. मोठ्या इमारतीच्या मुख्य पॅनेलला एचआरसी फ्यूज, म्हणजे मोठा शॉर्टही न फुटता तोडणारे, आत वाळू भरलेले फ्यूज असतात, ते जातात तेव्हा तसलेच घालायचे. त्यांच्या जागी तार बांधलेली दिसली तर सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटो पाठवा.

मेन गेला, वायरमन मिळत नाही. कुणाला फोन करू?

महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५. मुंबई शहरात बेस्ट किंवा टाटा, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण आणि गोव्यात सरकारचं वीज खातं, ज्यांचं बिल येतं त्यांचा नंबर बिलावरच असतो. याला 'फ्यूज कॉल' म्हणतात. तो किती वेळात सोडवायचा याची मर्यादा वीज नियामक आयोगाने ठरवून दिली आहे आणि ती उलटली तर भरपाई मागता येते, म्हणून तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

फोनवर "लाईट नाही" एवढंच म्हणू नका. ग्राहक क्रमांक सांगा. शेजारी लाईट आहे की नाही, मीटरचा डिस्प्ले चालू आहे की बंद, जळका वास किंवा ठिणगी दिसली का, वायर खाली पडली आहे का, आणि घरात कुणी ऑक्सिजनच्या मशीनवर आहे का, हे सांगा. ग्राहक क्रमांक बिलावरून आजच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. अंधारात बिल सापडत नाही.